मुंगसाच्या गोष्टीच्या एकेचाळीस आवृत्त्या

नाही, नाही, तसं नाही ते — तू आधी बस, ऋग्वेद. पुण्याहून थेट इंदूरच्या दवाखान्यात, दवाखान्यातून थेट माझ्याकडे. पाणी तरी घे. हं. तू दारातूनच विचारलंस, ‘काका, बाबांना नक्की काय झालं?’ — आणि मी चटकन उत्तर दिलं नाही, म्हणून तुझ्या कपाळावर आठी आली, ती मी पाहिली. पण माझी अडचण समजून घे. घटना शनिवारी संध्याकाळची, आज मंगळवार, आणि एवढ्यात या गोष्टीच्या तीन आवृत्त्या माझ्या कानावर आल्या आहेत. पहिली आपल्या राजेंद्र नगरची: मानपूरजवळच्या फार्महाउसवर पिसाळलेलं कुत्रं जयेशच्या अंगावर आलं, जयेश मागे सरला, पडला, डोकं फुटलं. दुसरी वासुदेवची — आमचा तिसरा मित्र, अन्नपूर्णा रोडच्या शाळेत गणित शिकवायचा तो, त्याच्याच जावयाचं ते फार्महाउस: जयेश ओट्यावरून घसरला आणि कडाप्प्याच्या कडेवर आपटला, कुत्र्याचा त्यात काही संबंध नाही. तिसरी सकाळी बागेत चालायला येणाऱ्या मंडळींची, ती हिंदीत आहे: ‘अरे भिया, पी के गिरे होंगे.’ आता तिन्हींत समान काय? एक माणूस जमिनीवर पडलेला आहे आणि एक माणूस शेजारी उभा आहे. पडलेला तुझा बाप, उभा मी. यावर मतभेद नाही. आणि आवृत्त्या जिथे एकमेकींपासून फुटतात, तिथे सांगणाऱ्याचं काहीतरी दुखत असतं — हे मी तेहतीस वर्षं वर्गात शिकवलं. तुझी घाई मला कळते. उद्या दहाला हवालदार दवाखान्यात येणार, तुझा जबाब घेणार. जयेश बोलू शकत नाही, शुद्धीवर नाही, म्हणून तू जे म्हणशील त्यावर तो कागद बंद होणार किंवा उघडा राहणार. तू मुलगा आहेस. तुला नक्की काय ते कळायला हवं. बरोबरच आहे तुझं.

व्याख्यान नको म्हणतोस — थोडं देतो, ऐकून घे, माझ्याकडे सांगण्याची दुसरी रीतच नाही. ही घटना एका फार जुन्या कुळातली आहे. तू पाच वर्षांचा असशील, याच खोलीत, तुझी आई मंजुषावहिनी आणि आमची शुभदा आत पुरण वाटत होत्या आणि तू माझ्या मांडीवर बसून मुंगसाची गोष्ट ऐकलीस, मग रडलास, आणि तुझा बाप मला म्हणाला, ‘साल्या, सुट्टीच्या दिवशी पोराला खून सांगतोस?’ आठवतं? बाई पाण्याला जाते. पाळण्यात मूल, पाळण्याखाली पाळलेलं मुंगूस. साप येतो. मुंगूस सापाचे तुकडे तुकडे करतं आणि शाबासकी घ्यायला दारात येऊन उभं राहतं — तोंड रक्तानं माखलेलं. बाईला रक्त दिसतं, मूल दिसत नाही. ती भरलेली घागर त्याच्या डोक्यात घालते. मग आत जाते. मूल हसत असतं. — इतकंच. महाराष्ट्रात घागर, निमाडात मुसळ, माळव्यातल्या बंजाऱ्यांच्या तोंडी मुंगसाऐवजी कुत्रा आणि घागरीऐवजी तलवार. एका ठिकाणी राजा आणि त्याचा ससाणा, तिथे तर मान पिरगाळलेली आहे. एकेचाळीस आवृत्त्या आहेत माझ्याकडे, त्यातल्या सतरा मी स्वतः जमवलेल्या — मोटरसायकलवर, खांद्याला टेपरेकॉर्डर, आणि मागे कितीदा तरी तुझा बाप, रेल्वेतून सुट्टी मिळाली की. त्याला गोष्टीत रस नव्हता. गावात चहा कुठे चांगला मिळतो यात रस होता. पण म्हातारी माणसं बोलायची ती त्याच्याशी. मी नुसतं बटण दाबायचो.

तो? तो फुटाणा. बोलाव, येईल — बघ, आला. तुझ्याकडे लगेच आला. कानाच्या पट्टीला हात लावू नकोस, सात टाके आहेत. माझ्याकडे नाही येत तो. म्हणजे येतो, वाटीचा आवाज झाला की येतो, पण मधे अडीच-तीन फुटांवर थांबतो आणि माझे हात बघतो. शुभदाने आणला, सव्वा महिना झाला, अन्नपूर्णा रोडवरच्या एका भाजीवालीच्या टोपलीतून. म्हणाली, ‘तुम्ही रिटायर झाल्यापासून घरात तुम्ही आणि तुमची कार्डं, मला कुणीतरी बोलणारं हवंय.’ — आता हे कुत्रं काय बोलणार! पण ठीक आहे. गोष्टींमधलं पाळीव जनावर कधी पिल्लू नसतं, हे तुझ्या लक्षात आलंय का? मुंगूस थेट मोठं, शहाणं, इमानी. ते लहान असताना सतरंजीवर किती वेळा मुतलं, कुणी सांगत नाही. याचे दुधाचे दात म्हणजे सुया. माझा हा घोटा बघ — या सगळ्या त्याच्याच खुणा. पहिल्या आठवड्यात त्याने एक चप्पल खाल्ली, चष्म्याची दांडी खाल्ली, आणि आवृत्ती क्रमांक सव्वीस खाल्ली. अक्षरशः खाल्ली — कार्ड होतं, पस्तीस वर्षांपूर्वीचं, पेन्सिलीतलं, सांगणारी बाई आता हयात नाही. मी चिडलो. माणूस चिडणार नाही का? वर्तमानपत्राची सुरळी करून एक फटका दिला. सगळे देतात, पुस्तकांतसुद्धा लिहिलेलं असतं. दुसऱ्या दिवशी सुरळी जवळ नव्हती, म्हणून हातानं. मग एकदा पायातली वहाण — ते असो. शिस्त लागावी म्हणून. शुभदा स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघायची, बोलायची काही नाही. ती अशीच बघते.

नाही, शुभदा घरी नाही. तुझ्या आईजवळ आहे, दवाखान्यात. भेटली असेल तुला. तीन दिवस तिथेच आहे.

तर सहल. दरवर्षी पौषात आम्ही तिघं एक रात्र बाहेर काढतो, बायकांशिवाय, दाल-बाफले करून खातो आणि रविवारी परततो. या वेळी तुझ्या बापाने हट्ट धरला — ‘पिल्लू आणायचं, पांडू. पिल्लाशिवाय गाडी निघणार नाही.’ मला विचित्र वाटलं, पण म्हटलं, हौस असेल. शनिवारी सकाळी वासुदेवची गाडी, जयेश पुढे, मी मागे, फुटाणा माझ्याजवळ टोपलीत. राऊ गाव मागे पडलं नाही तोच त्याने टोपलीतून उडी मारली, दोन सीटच्या मधून घुसला, आणि जयेशच्या मांडीवर जाऊन गोल होऊन झोपला. पस्तीस दिवस माझ्या घरात होता तो, ऋग्वेद. दहा मिनिटं तुझ्या बापाबरोबर गाडीत. महू ओलांडल्यावर जयेश म्हणतो, ‘वासू, गाडी थांबव, याला सू लागलीय — आणि मला पण.’ वासुदेव म्हणतो, ‘एका गाडीत दोन पिल्लं घेऊन निघालोय मी.’ मग दोघं हसले, मीही हसलो. मग जयेशचं सुरू झालं: ‘पांडू, तुझ्या एकेचाळीस मुंगसांनी मिळून एक तरी खरा साप मारला का रे?’ आणि वासुदेवला, ‘आपला हा डॉक्टर ऐसा है भिया, पेशंट मेला तरी विचारतो, कोणत्या आवृत्तीत मेला?’ तुझ्या बापाची जीभ तुला माहीत आहे. मला त्याचा राग नाही आला. पन्नास वर्षं ऐकतोय. राग कसला?

फार्महाउस म्हणजे दोन खोल्या, पुढे ओटा, मागे पाण्याचा हौद आणि तारेचं कुंपण, त्यापलीकडे गव्हाची शेतं. बाफले तुझ्या बापाचे. त्यात तो कुणाला हात लावू देत नाही — कणीक मळणं, गोळे उकळणं, मग कंड्यांच्या, म्हणजे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजणं, वर कोणी फुंकर घालायची नाही, हसायचं नाही, त्याच्याशी बोलायचंसुद्धा विचारून. वासुदेवकडे डाळ. माझ्याकडे लसणाची चटणी, कारण मला दुसरं काही येत नाही. मोठा लोखंडी खल होता तिथे आणि त्यातला बत्ता — हा एवढा, कोपरापासून मनगटापर्यंत, चांगला तीन किलोचा. जयेश म्हणाला, ‘बारीक कूट, पांडू. तुझ्या प्रबंधासारखी नको — चारशे पानं आणि हाताला काही लागत नाही.’ साडेचार वाजले असतील, ऊन होतं. मी ओट्यावर खल घेऊन बसलो, फुटाणा जयेशच्या पायाशी. लसूण टाकली, मिरची टाकली, आणि बत्ता वर उचलला. नुसता उचलला, ऋग्वेद, कुटायला. पिल्लू जमिनीला चिकटलं. पोट टेकवून, कान मागे, डोळे मिटून — आणि तिथेच मुतलं. निखारे उकरता उकरता जयेश थांबला. त्याने पिल्लाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, हळू आवाजात, चेष्टेच्या आवाजात नाही — ‘पांडू, तू याला मारतोस का रे?’ वासुदेवने पळी खाली ठेवली आणि म्हणाला, ‘दही राहिलं. मी मानपूरला जाऊन दही आणतो.’ दही होतं घरात. मोठं भांडं भरून होतं. तो गाडी घेऊन गेला.

नंतर काय! आम्ही दोघं चार शब्द बोललो, किरकोळ. तो मागे हौदाकडे गेला हात धुवायला, पिल्लू त्याच्या मागे. मी चटणी कुटत राहिलो. पाच मिनिटं, दहा मिनिटं. आणि मग ती किंकाळी.

तू कुत्र्याच्या पिल्लाची किंकाळी ऐकली आहेस का? कुईंकुईं नाही — किंकाळी. माणसाच्या मुलासारखी, आणि मधेच तुटते. त्यासोबत आणखी एक आवाज, दबका, गुरगुरण्याचा, आणि जयेशचा शिव्यांचा आवाज, ‘सोड, हरामी, सोड!’ — मी उठलो. बत्ता हातात होता, हातातच राहिला, मी तो मुद्दाम घेतला नाही हे लक्षात ठेव. घराला वळसा घालून मागे गेलो. आणि मला जे दिसलं ते मी तुला क्रमाने सांगतो, कारण क्रम महत्त्वाचा आहे. जयेश पाठमोरा. गुडघ्यावर. उजवा हात वर, हातात दगड, नारळाएवढा, दगडाला रक्त आणि केस चिकटलेले. तो दगड खाली आला, ओल्या लाकडावर कुऱ्हाड पडावी तसा आवाज झाला. पुन्हा वर गेला. त्याच्या डाव्या हाताखाली फुटाणा, लाल, कान लोंबणारा, पाय झाडणारा. दगड जिथे पडत होता, तिथे हौदाची भिंत मधे होती. तिच्यापलीकडे काय आहे ते मला दिसत नव्हतं. मला रक्त दिसलं, दगड दिसला, पिल्लू दिसलं. मी तीन पावलं टाकली आणि बत्ता त्याच्या डोक्याच्या मागच्या बाजूला घातला.

बस. उठू नकोस. बस खाली — ऐकायला आला होतास ना?

भिंतीपलीकडे गावातलं कुत्रं होतं. मोठं, पिवळं, तारेखालून आलेलं, बाफल्यांच्या वासावर आलं असणार. त्याने पिल्लाला मानेला धरलं होतं. तुझ्या बापाने त्याचा जबडा हातानं फाकवला — उजव्या मनगटावरचे ते दात त्या कुत्र्याचे आहेत, डॉक्टरांनी इंजेक्शनं दिलीत ती त्यासाठी — पिल्लू बाहेर ओढलं, आणि ते पुन्हा अंगावर आलं तेव्हा दगडानं त्याचं डोकं ठेचलं. मेलं होतं ते. एक डोळा बाहेर आलेला. मागचा एक पाय अजून माती उकरत होता. आता कळलं तुला, मी मुंगसाची गोष्ट का लावली सुरुवातीला? तुझा बाप मुंगूस, मी ती बाई. तेहतीस वर्षं मी ही गोष्ट शिकवली, परीक्षेत प्रश्न म्हणून घातली, तिच्यावर लिहिलं, देशोदेशीच्या माणसांशी तिच्यावर वाद घातला — आणि ती समोर आली तेव्हा ओळखली नाही. जगात हा प्रमाद करायला मीच सर्वांत अपात्र माणूस होतो, आणि मीच केला. तू मला शिक्षा दे. शिव्या दे. पण उद्या हवालदारासमोर याला काय म्हणशील याचा विचार कर. गुन्हा म्हणशील? त्या बाईला आजपर्यंत एकाही गोष्टीत राजाने धरून नेलेलं नाही. ती घागर फोडून बसते, रडते, गोष्ट संपते. लोकांनी तिच्यासाठी शिक्षा रचली नाही, कारण शिक्षा तिची तिलाच झालेली आहे. वासुदेव दह्याची पिशवी घेऊन आला तेव्हा मीच त्याला म्हटलं, घसरला. हो, ती आवृत्ती मूळची माझी. मी घाबरलो होतो. आम्ही त्याला गाडीत घातलं, वासुदेव पुढे, मी मागे, जयेशचं डोकं माझ्या मांडीवर, टॉवेल भिजला, दुसरा टॉवेल भिजला, इंदूर येईपर्यंत माझी पँट त्वचेला चिकटली होती. मी त्याच्याशी सारखं बोलत होतो. चूक झाली, जया, चूक झाली, म्हणत होतो. एक चूक. एक घाव.

काय म्हणालास?

दोन?

डॉक्टर म्हणाले दोन. कोणते डॉक्टर — ते तरुण, चष्म्याचे? एक मागे, आणि एक डाव्या कानाच्या वर, पुढच्या बाजूला. हं. म्हणजे पडताना आपटला असेल ना, हौदाची कड आहे तिथे — कड नाही म्हणाले? गोल, खोल, मागच्या जखमेसारखीच. बरोबर त्याच मापाची. असं म्हणाले ते. आणि तू हे मघापासून खिशात घेऊन बसलायस. पाणी प्यायलास, कुत्र्याला कुरवाळलंस, माझं सगळं ऐकून घेतलंस. रेल्वेवाल्याचा मुलगा शोभतोस. तुझा बापही असाच, आधी समोरच्याला बोलू द्यायचा.

एक सांगू? मानपूरच्या पुढे घाट उतरला की एक वस्ती लागते, तिथे एका म्हातारीने मला ही गोष्ट सांगितली होती. जयेशही होता तेव्हा. तिच्या सांगण्यात मुसळ होतं, आणि ती ते फार रंगवून सांगत होती, तर मी विचारलं, किती घाव घातले तिने, माय? म्हातारी म्हणाली, एकच. दुसरा घालेपर्यंत तिला दिसलं नसतं का? — मी ते लिहूनही घेतलं नाही. मला वाटलं, एवढं काय त्यात. आत्ता तू दोन म्हणालास तेव्हा मी मनातल्या मनात सगळी कार्डं चाळली. घागर, मुसळ, तलवार, काठी, विळा, ससाण्याची मान. एकेचाळीसच्या एकेचाळीस. एकाही आवृत्तीत दुसरा घाव नाही.

त्या चार शब्दांबद्दल विचारतोस. किरकोळ म्हणालो ना मी. — बरं. वासुदेवची गाडी फाटकाबाहेर गेली आणि तुझा बाप ओट्याच्या पायरीवर माझ्याशेजारी येऊन बसला. हाताला राख, पिल्लू कडेवर. म्हणाला, ‘शुभदावहिनी बोलल्या माझ्याशी. म्हणून मी पिल्लू आणायला लावलं. मला डोळ्यांनी बघायचं होतं.’ मी म्हटलं, काय बोलली? तो म्हणाला, ‘कुत्र्याचं बोलल्या.’ आणि मग म्हणाला, ‘कुत्र्यावरच थांबतोस ना तू, पांडू?’ — मी बत्ता खलात फिरवत होतो. मी म्हटलं, जया, चटणीत मीठ किती घालू? तो म्हणाला, ‘उद्या परत जाताना हा माझ्या घरी उतरेल. आणि वहिनींना मी मंजुषाकडे घेऊन येणार आहे, चार दिवस. त्यांना यायचंय. विचारलंय मी.’ विचारलंय! माझ्या बायकोला, माझ्या पाठीमागे! पन्नास वर्षांची दोस्ती, आणि हा माणूस माझ्या घरातून एकेक वस्तू उचलून नेणार आणि मी खलात मिरची कुटणार! — वस्तू नाही म्हणायचं मला. तसं लिहून घेऊ नकोस. तू लिहीत नाहीयेस, ठीक आहे. तू असा बघू नकोस, शुभदासारखा. मी तिला — वर्षातून एखाद वेळा, तेही — हे तुझं प्रकरण नाही. तुझं प्रकरण तुझ्या बापाचं डोकं आहे.

मग ऐक, शेवटचं राहिलंय तेवढं ऐक, आणि जा. त्या पहिल्या घावानं तो पडला नाही. पुढे झुकला, दोन्ही हात जमिनीला टेकले, पिल्लू त्याच्या पोटाखाली. दगड गडगडत गेला. मग तो हळूहळू वळला. कानामागून रक्त गळ्यावर, गळ्यावरून स्वेटरमध्ये. त्याने मला ओळखलं. रागावला नव्हता, हे मी शपथेवर सांगेन. त्याला वाटलं, आणखी एखादं कुत्रं आलं की काय, आणि मी आहे बघून त्याला बरं वाटलं. म्हणाला, ‘अरे पांडू, मी आहे, मी. ते बघ तिकडे.’ आणि बोट दाखवलं. मी भिंतीपलीकडे वाकून पाहिलं. पिवळं कुत्रं पाहिलं, तो डोळा पाहिला, माती उकरणारा पाय पाहिला. मला सगळं कळलं. त्याच क्षणी कळलं, पुरतं कळलं, कोणती गोष्ट आहे हेसुद्धा कळलं. मी त्याच्याकडे वळलो. फुटाणा त्याच्या पोटाखालून बाहेर आला, त्याने माझ्या हाताकडे पाहिलं, आणि फरफटत मागे सरून जयेशच्या काखेत तोंड खुपसलं. जयेशने त्याच्यावर हात ठेवला, आणि मला म्हणाला, ‘ठेव तो बत्ता खाली.’ ऊन होतं अजून. लांबवर रस्त्यावर ट्रक जात होते. मी बत्ता दोन्ही हातांनी धरला आणि त्याला दुसऱ्यांदा मारलं.